अकारविल्हे आणि मानविल्हे

कोष्टक हातात आले की माणूस आधी वरची ओळ पाहतो. जमल्यास शेवटची पाहतो. मधल्या ओळींत स्वतःचे नाव किंवा स्वतःचा पैसा गुंतलेला नसेल, तर तिकडे फारसे कोणी वळत नाही. ही गोष्ट कोष्टक तयार करणाराला पक्की ठाऊक असते. पाहणाराच्या मात्र ती सहसा ध्यानात येत नाही. कोष्टकातील ओळी कोणत्या क्रमाने लावाव्या, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका रुक्ष नाही. त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या देशाचे एक प्रकरण असे आहे की, ज्याच्यापायी सरकारी कचेरीत अर्जांचे गठ्ठे मणांनी मोजावे लागले. त्या प्रकरणाकडे आम्ही श्रोत्यांना नेणार आहो. पण वाट थोडी वळणाची आहे.

प्रारंभ आजच्या कचेरीपासून करू. पेढी असो, कारखाना असो की सरकारी खाते, आकडेवारीचे अहवाल आता संगणकावर तयार होतात. विक्रीचा महिनावार तक्ता मागितला आणि महिन्यांची नावे अक्षरांत लिहिलेली असली, तर यंत्र ती अकारविल्हे लावून देते. नावे इंग्रजी असतील तर एप्रिल पहिला, ऑगस्ट दुसरा, डिसेंबर तिसरा, फेब्रुवारी चौथा. आपले महिने दिले तर आश्विन पहिला येतो, मग आषाढ, मग कार्तिक. गुढीपाडव्याचा चैत्र चौथ्या जागी जातो आणि श्रावण वैशाखाच्या पाठीस लागून सर्वांत शेवटी येतो. यात यंत्राचा काही दोष नाही. आधी काय आणि मागाहून काय, हे त्याला अक्षरावरून किंवा अंकावरून कळते. पाडवा त्याला ठाऊक नाही.

यावर उपाय सोपा आहे. महिन्याच्या नावाशेजारी दुसरा एक रकाना करावयाचा आणि त्यात १ ते १२ असे अंक घालावयाचे. मग यंत्राला सांगावयाचे की, नावे दाखव, पण क्रम मात्र या शेजारच्या रकान्यावरून लाव. काम झाले की तो अंकांचा रकाना झाकून टाकतात. वाचणाराला नीट लागलेले महिने दिसतात. ते कशामुळे नीट लागले हे दिसत नाही.

अकारविल्हे म्हणजे तरी एकच एक निसर्गसिद्ध क्रम आहे असे कोणी समजू नये. शाळेत आपण ह, ळ, क्ष, ज्ञ असे म्हणतो. भारतीय लिप्यांसाठी यंत्रोपयोगी अक्षरसंकेत ठरविताना निरनिराळ्या लिप्यांतील समान अक्षरे समोरासमोर यावीत अशी योजना केली गेली आणि त्यात ळ हा ल च्या शेजारी बसला. पुढे १९९१ च्या सुमारास जागतिक संकेत तयार झाला, त्यानेही तीच मांडणी उचलली. त्यामुळे मराठी नावांची यादी मराठी माणसाच्या अपेक्षेप्रमाणे हवी असेल, तर ळ ची जागा ह च्या नंतर आहे हे यंत्राला निराळे शिकवावे लागते. असो. महिन्यांच्या क्रमाबद्दल किंवा ळ बद्दल कोणी डोकी फोडीत नाही. त्या झाकलेल्या रकान्यात अंक लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न महिन्यांच्या जागी माणसे आली की उभा राहतो.

अकारविल्हे मांडणी आज आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, पूर्वी विद्वानही असे करीत नसत याचे नवल वाटावे. अमरसिंहाचा कोश घ्या. तो स्वर्गापासून सुरू होतो. दुसऱ्या कांडात भूमी, नगरे, पर्वत, वनस्पती, पशू, मनुष्य अशी उतरंड लागते, आणि मनुष्यवर्गानंतर ब्रह्मवर्ग, क्षत्रियवर्ग, वैश्यवर्ग, शूद्रवर्ग हे ठरलेल्या क्रमाने येतात. शब्द कोठे सापडेल हे कळण्यासाठी त्या वस्तूची जगातली पायरी ठाऊक असावी लागे. शिवकाळात रघुनाथपंतांनी जो राज्यव्यवहारकोश रचला त्याचीही तीच तऱ्हा. त्याचे दहा वर्ग. त्यांत पहिला राजवर्ग, पण्यवर्ग शेवटी. या पद्धतीला आम्ही अकारविल्हेच्या धर्तीवर ‘मानविल्हे’ म्हणतो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला तो अकारविल्हे, आणि त्यात राजा रा च्या पानावर, रामोशी व राळ यांच्या संगतीत जाऊन बसला. हा फरक केवळ शब्द शोधण्याच्या सोयीचा नव्हे. आपल्या भाषेने येथे एक गंमत करून ठेवली आहे: ‘वर्ण’ म्हणजे अक्षरही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही. ‘वर्णानुक्रम’ हा एकच शब्द दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने वापरू शकतात.

मानविल्हेची सवय गावगाड्यात तर हाडीमांसी खिळलेली. होळीची पोळी आधी कोणाची, पोळ्याला बैल पुढे कोणाचा, पान आधी कोणास द्यावयाचे, यावरून पाटलांच्या भाऊबंदांत जे तंटे झाले त्यांचे महजर आजही दप्तरांत वाचावयास मिळतात. पिढ्यान्‌पिढ्या हे तंटे चालत. तेव्हा ओळीतली जागा ही वस्तू काय मोलाची असते, हे आपल्याकडच्या माणसाला बाहेरून कोणी येऊन शिकविण्याची गरज नव्हती.

युरोपात या दोन पद्धतींचा सामना झाला तो मृत्यूच्या याद्यांत. लंडन शहरात कोण कशाने मेले याचे तक्ते सतराव्या शतकात छापून निघत. जॉन ग्रांट नावाच्या व्यापाऱ्याने १६६२ साली त्यांवर पुस्तक लिहिले. त्यात १६३२ सालचा तक्ता आहे, तो इंग्रजी अक्षरक्रमाने. त्यामुळे अगदी वरच्या बाजूस काय दिसते? भयाने दगावलेला १. त्याखाली वार्धक्याने गेलेले ६२८, मग हिवतापाचे ४३. प्लेग खाली कोठेतरी दडलेला. त्या वर्षी त्याचे बळी होते ८. ज्या रोगाने त्या शहराची वारंवार दैना केली त्याला शोधीत खाली जावे लागे, आणि भयाने मेलेला तो एक बिचारा कायमचा शिरोभागी बसला.

पुढे इंग्लंडच्या जन्ममृत्यू-नोंदणी कचेरीत विल्यम फार हे वैद्य आले. त्यांनी १८३९ साली अकारविल्हे पद्धत टाकून रोगांचे वर्ग पाडले आणि साथीचे व संसर्गाचे रोग पहिल्या वर्गात घातले. हे रोग गटार, पाणी, दाटी यांच्याशी बांधलेले आहेत, ते कमीजास्त होतात आणि माणसाच्या प्रयत्नाने हटू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. नगरपालिकेच्या सभासदाने तक्ता उघडताच त्याच्या डोळ्यांसमोर आधी तेच यावेत. क्रम मुद्दाम लावणे म्हणजे लबाडीच, असे समजणाऱ्यांना आम्ही फार यांचे उदाहरण देतो. त्यांनी स्वतःच्या विचाराने क्रम लावला, कारण उघड सांगितले, आणि आरोग्याच्या चळवळीला त्याचा उपयोग झाला. आणखीही एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती. रोगांना अर्ज करता येत नाहीत.

यंत्रांनी या कामात प्रवेश केला तो अमेरिकेत. तेथील १८८० च्या खानेसुमारीची कोष्टके पुरी होण्यास सात-आठ वर्षे लागली. हर्मन हॉलरिथ या तरुण इंजिनिअराने माणशी एक पुठ्ठ्याचे कार्ड आणि त्यावर ठराविक जागी भोक, अशी युक्ती काढली. १८९० च्या गणनेत ती वापरली गेली. कार्ड दाबले की जेथे भोक असेल तेथून सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्यात बुडे, वीज वाहू लागे, तबकडीवरचा काटा एक घर सरके, आणि शेजारच्या पेटीतल्या योग्य त्या खणाचे झाकण आपोआप उघडे. बाईने कार्ड त्या खणात टाकावयाचे. काही वर्षांनी कार्डे आपोआप खणांत टाकणारी यंत्रे आली. त्यांचे एक चमत्कारिक तंत्र आहे. तीन आकडी क्रमांकांची कार्डे लावावयाची असली तर यंत्र एका वेळी एकच रकाना पाहते, आणि सुरुवात एकंस्थानच्या रकान्यापासून करावी लागते. मग दहंस्थान, मग शतंस्थान. तीन फेऱ्यांत गठ्ठा बिनचूक लागतो. घरी पत्त्यांवर अंक लिहून कोणीही हे करून पाहावे. मुलांना फार आवडते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, या यंत्राला नावे वाचता येत नसत, भोकाची जागा तेवढी कळे. म्हणून गावे, धंदे, जन्मदेश या सर्वांना आधी अंक द्यावे लागत आणि त्यांची संकेतवही करावी लागे. गठ्ठ्यात कोण कोणाच्या वर येणार हे त्या वहीत, यंत्र सुरू होण्याच्या कितीतरी आधी, ठरून जाई. महिन्यांसाठी आपण केलेला तो अंकांचा रकाना आणि ही संकेतवही, एकच वस्तू.

आता आपल्या देशात येऊ. हिंदुस्थानात पहिली सार्वत्रिक खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नाही. एकाच रात्री सर्वत्र गणना व्हावी हे १८८१ साली प्रथम साधले. इंग्रज अधिकाऱ्यांना माणसे मोजून समाधान नव्हते. त्यांना जातीही मोजावयाच्या होत्या. आणि जाती मोजल्या की त्या कोष्टकात मांडणे आले. १८९१ साली खानेसुमारीचे मुख्य कमिशनर होते जे. ए. बेन्स. दहा वर्षांपूर्वी मुंबई इलाख्याची गणना त्यांच्याच हाताखाली झाली होती. त्यांनी जाती लावल्या त्या परंपरागत धंद्यांप्रमाणे: शेती करणारे एकीकडे, गुरे राखणारे दुसरीकडे, कारागीर तिसरीकडे. या मांडणीत त्रुटी पुष्कळ होत्या. एकाच धंद्याच्या पण हजार मैलांच्या अंतरावरील आणि एकमेकांशी काही संबंध नसलेल्या जाती एका खणात आल्या. तरी कोण श्रेष्ठ याचा निवाडा ती मांडणी निदान मागत नव्हती.

१९०१ साली कमिशनर म्हणून हर्बर्ट रिस्ली आले. हे बंगालमधले मुलकी अधिकारी. माणसांची नाके आणि कवट्या मोजून वंश ठरविण्याचा त्यांना नाद. धंदेवार वर्गवारी त्यांना पटली नाही. हिंदू समाज स्वतः जाती ज्या क्रमाने मानतो त्या क्रमाने त्या कोष्टकात आल्या पाहिजेत, असे त्यांनी ठरविले. प्रत्येक प्रांताच्या अधिकाऱ्याने स्थानिक जाणत्या लोकांना विचारून, ‘लोकमताप्रमाणे’ सामाजिक श्रेष्ठतेचा क्रम लावावा, अशी आज्ञा निघाली.

गणना झाली त्या वर्षी सुमारे २९ कोटी ४० लाख माणसे भरली. त्या साली चिठ्ठ्यांची पद्धत नव्याने सुरू झाली होती. मूळ नोंदीवरून प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करावयाची, धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग निराळा, आणि मग कारकुनांनी त्या चिठ्ठ्या खणांत वाटावयाच्या, मोजावयाच्या, पुन्हा गोळा करून दुसऱ्या प्रश्नासाठी वाटावयाच्या. हॉलरिथचे यंत्र जे पाऱ्याने आणि विजेने करीत होते ते येथे हातांनी चालले होते. कारकून चिठ्ठी खणात टाकीत होता तोवर कोणाचीही तक्रार नव्हती. खणांचा क्रम कळला मात्र, आणि वादळ उठले.

पंजाब व संयुक्त प्रांतातील खत्री समाजाला कळले की, आपली जागा वैश्यांत ठरत आहे. बरेलीस मोठी निषेधसभा भरली आणि आपण क्षत्रियवंशी आहो हे सिद्ध करणारे पुराव्यांचे भारे पुढे आले. पंजाबातील महतोन लोकांचे म्हणणे, आम्ही रजपूत. १९०१ च्या तक्त्यात तसे लागले नाही म्हणून त्यांनी १९११ साठी पुन्हा अर्ज केला. तो फेटाळताना आधार कशाचा घेतला? १८८१ च्या खानेसुमारीच्या अहवालाचा! कोष्टकाने एकदा जे छापले ते पुढच्या कोष्टकाला प्रमाण झाले. जुन्या महजराचे काम आता छापील तक्ता करू लागला. फरक इतकाच की, महजराला गावचे पंच साक्षीला असत.

१९११ साली रिस्लींच्या जागी एडवर्ड गेट आले. श्रेष्ठतेप्रमाणे क्रम लावण्याचा प्रयोग त्यांनी पुन्हा केला नाही. पण लोकांच्या मनातून तो गेला नव्हता. बंगालच्या खानेसुमारी-अधिकाऱ्याने, ओमॅली यांनी, नमूद करून ठेवले आहे की, जातींकडून शेकड्यांनी अर्ज आले आणि त्या कागदांचे नुसते वजनच दीड मण भरले. दीड मण म्हणजे आजचे पंचावन्न-छपन्न किलो. मागण्या तीन प्रकारच्या: आमचे नाव बदला, आम्हांला वरची जागा द्या, आम्हांला क्षत्रिय किंवा वैश्य म्हणून मान्य करा. खानेसुमारी ही माणसे मोजण्यासाठी नसून जातींचे उच्चनीचत्व ठरविण्यासाठी आहे, अशी बंगालमध्ये सर्वसाधारण समजूत झाली होती, असेही ते सांगतात. या समजुतीला हसणे सोपे आहे. पण दहाच वर्षांपूर्वी सरकारने खरोखर तेच केले होते. लोकांनी ते नीट वाचले होते, एवढेच.

या अर्जांना सरसकट पोकळ अभिमानाचे प्रदर्शन म्हणणे आम्हांला मान्य नाही. बंगालमधील लाखो कष्टकरी लोकांना सरकारी कागदांत ‘चांडाल’ हे नाव होते. त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि १९११ च्या तक्त्यात ‘नामशूद्र’ हे स्वतः निवडलेले नाव मिळविले. तक्त्यात शिवी म्हणून छापले जाणे आणि नाव म्हणून छापले जाणे, यांत अंतर नाही असे ज्याला कधी शिवी खावी लागली नाही तोच म्हणेल.

रिस्ली यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी क्रमाचे तत्त्व झाकले नाही. उघड जाहीर केले. म्हणून तर लोकांना भांडता आले. त्यांची चूक निराळीच होती. ‘लोकमत’ नावाची एकच वस्तू आहे आणि ती विचारली असता मिळते, असे त्यांनी धरले. ज्यांना विचारले ते बहुधा लिहिते-वाचते, म्हणजे ज्यांची जागा आधीच वर होती ते. आमच्या दक्षिणेतच पाहा. १८९९ साली कोल्हापुरात वेदोक्ताचा वाद सुरू झाला. खुद्द छत्रपतींच्या घरी वेदोक्त मंत्र म्हणावे की पुराणोक्त, यावर राजाचे मत एक आणि उपाध्यांचे दुसरे. सारा महाराष्ट्र त्यावरून दुभंगला. नेमक्या त्याच दिवसांत खानेसुमारीचे अधिकारी ‘सर्वमान्य’ श्रेष्ठताक्रम विचारीत हिंडत होते. छत्रपती कोणत्या ओळीत बसतात यावर जेथे एकमत नाही, तेथे बाकीच्यांचे काय विचारावे?

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी जे फर्मान काढले ते या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० मागासलेल्यांना द्याव्या, आणि मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व. येथेही जातींची यादीच आहे. पण पुढारलेल्यांची नावे येथे वगळण्यासाठी घेतली आहेत. पंगतीत आधी बसविण्यासाठी नव्हेत. बाकीच्यांत कोण वर, कोण खाली, याबद्दल फर्मान एक अक्षर बोलत नाही.

त्याच काळी सर्वांत खालच्या ओळीतली माणसे काय मागत होती? १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. त्याविरुद्ध गोपाळबुवा वलंगकरांनी १८९४ साली जो अर्ज तयार केला, त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय, दुष्काळात खाली गेलो, असा दावा आहे. म्हणजे अजून मानविल्हेचीच भाषा. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दक्षिणेतील महारांचा अर्ज थेट भारतमंत्र्यांकडे गेला. त्यात मुख्य मागणी लष्करात, पोलिसांत आणि सरकारी नोकरीत शिरकाव मिळण्याची. तक्त्यात वर चढविण्यापेक्षा दार उघडा, हे मागणे अधिक रोकडे होते. वलंगकरांपासून कांबळ्यांपर्यंतच्या या सोळा वर्षांच्या प्रवासाला आमच्या इतिहासात मिळते त्याहून अधिक जागा मिळावयास हवी.

खानेसुमारीच्या या उद्योगावर शास्त्रीय प्रहार केला तो एका मालवणच्या माणसाने. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवीत. १९३२ साली जात आणि वंश या विषयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. रिस्ली यांच्या मापांचाच आधार घेऊन त्यांनी दाखविले की, नाकाचे माप आणि जातीची पायरी यांचा जो मेळ रिस्ली सर्वत्र लावू पाहत होते तो उत्तर हिंदुस्थानाचा काही भाग सोडला तर बसत नाही. शिवाय श्रेष्ठतेप्रमाणे क्रम लावण्याच्या खटाटोपाने जातिजातींतील चुरस वाढली, हेही त्यांनी स्पष्ट म्हटले. घुर्ये यांनी मांडलेल्या या मापांचा उपयोग पुढे डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांवरील १९४८ च्या ग्रंथात केला आणि अस्पृश्य हे निराळ्या वंशाचे असल्याची कल्पना खोडून काढली.

आता त्या याद्यांचे पुढे काय झाले ते पाहा. १९३१ च्या गणनेत हटन यांनी ज्यांना ‘बाहेरच्या जाती’ म्हटले, त्यांच्यासंबंधीची माहिती राजकीय हक्कांच्या वाटाघाटीत उपयोगी पडली. १९३५ च्या कायद्यानंतर, १९३६ साली, या जातींची सरकारी अनुसूची निघाली. ‘अनुसूचित’ या शब्दाचा अर्थच यादीत घातलेला. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ३४१ व्या कलमान्वये १९५० साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला, आणि त्यातील याद्या आहेत इंग्रजी अक्षरक्रमाने. महाराष्ट्राच्या यादीत ५९ नोंदी आहेत. पहिली अगेर. चांभार हे नाव ११ व्या नोंदीत आहे, कारण ती नोंद भांबी या नावाने सुरू होते. महार ३७, मांग ४६. या अंकांवरून कोण मोठा, कोण लहान असा अर्थ काढू पाहणाऱ्याला लोक वेडा म्हणतील. सत्तर वर्षांहून अधिक काळ या यादीवर न्यायालयांत भांडणे झाली ती यादीत येण्यासाठी, किंवा नावाच्या नेमक्या अर्थासाठी; ३७ चे ३६ करा म्हणून कोणी अर्जांचे गठ्ठे पाठविले नाहीत. महिन्यांच्या बाबतीत जो अकारविल्हे क्रम गावंढळ वाटला, त्याच्या आंधळेपणाचा येथे असा उपयोग झाला.

पण अकारविल्हेलाही आधी नाव एकसारखे लिहिलेले लागते. २०११ साली केंद्र सरकारने सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तीत जातही विचारली. जातींची अधिकृत संकेतवही मात्र आधी केलेली नव्हती. सांगणाराने सांगावे आणि गणकाने ऐकू येईल तसे टिपावे. महाराष्ट्र शासनाने ती माहिती मागितली तेव्हा केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले. १९३१ च्या गणनेत जाती ४,१४७ होत्या. या पाहणीत नावे निघाली ४६ लाखांहून अधिक. एकच नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिले गेले की यंत्राच्या हिशेबी तितक्या निरनिराळ्या जाती. आणि जात, पोटजात, कुळ, आडनाव हे सारे एकाच रकान्यात आलेले. ही माहिती वापरता येणार नाही, असे केंद्राने सांगितले.

२०२५ साली केंद्र सरकारने पुढील जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे लाखो नावांचा तो ढीग उपसून कोणती नावे एका ओळीत घ्यावयाची, कोणती वेगळी ठेवावयाची, आणि कोणत्या ओळीला कोणता अंक द्यावयाचा, हे काम पुन्हा आले. ते कोणाच्या तरी टेबलावर, एका रकान्यात, अंक लिहून होते. रिस्ली यांनी आपला क्रम आणि त्याचे तत्त्व लोकांपुढे मांडले होते. तसाच तो रकानाही, नोंदी सुरू होण्यापूर्वी, प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी लोकभाषेत छापून लावावा.